मावल्यांची चरवी

एक होता राजा. पण त्याचं आपल्याला काही काम नाही, तो जेवून झोपलाय. आपली गोष्ट त्याच्या राज्यातल्या सुंद्रीची. ए चिंगे, पाय मारू नकोस त्याला. ऐकायचं तर नीट पडून ऐका.

तर ही सुंद्री बुरडाची बायको. नवऱ्याचं नाव म्हादू. दोघं बांबू चिरायची आणि सुपं, टोपल्या, पाळणे विणायची. घरात तीन लेकरं. थोरली बायजा, तुमच्याएवढीच. मधला येसू. आणि एक तान्हं, त्याचं अजून बारसंही झालं नव्हतं. गरिबी होती, पण बरं चाललं होतं. सुंद्रीला कशाचंही हसू यायचं. हसायला लागली की हातातलं सूप खाली ठेवावं लागायचं.

मग एका वर्षी काय झालं, डोंगरावरच्या सगळ्या बांबूला फुलं आली. फुलं म्हटल्यावर खूश झालात, पण बांबू फुलला की मरतो, बरं का. बेटंच्या बेटं वाळून गेली. बांबू नाही तर सूप नाही, सूप नाही तर घरात दाणा नाही. म्हादू म्हणाला, "मी लांबच्या मुलखात जातो. बांबू मिळाला की येतो. तू पोरांना सांभाळ."

सुंद्री म्हणाली, "कशानं सांभाळू?"

गेला बिचारा खाली मान घालून.

शेजारी धुरपा राहायची. तिच्या घरी दुभतं होतं. तिनं वाटीभर ताक-कण्या दिल्या. पोरांनी चाटूनपुसून खाल्ल्या. आता त्या गावात एक रीत होती, आपल्याकडेही आहे. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. चिमूटभर का होईना, काहीतरी घालून द्यायचं. सुंद्रीनं घरातली मडकी उलटी करून पाहिली. काही नव्हतं. मग तिनं वाटी घासून तशीच दिली. धुरपानं वाटीत बघितलं. नुसतं बघितलं. पण सुंद्रीच्या ते जिव्हारी लागलं.

पुढच्या वेळी धुरपा वाटी घेऊन आली, तर सुंद्री दारातूनच म्हणाली, "आत्ताच जेवलो हो आम्ही. पोटं भरलीत." मागे येसू भुकेनं रडत होता. धुरपाला ऐकू येत नव्हतं का? ती काय बहिरी होती? पण आली तशी गेली. मेलं कसलं हे मानपान! मला तर दोघींचाही राग येतो.

गावाबाहेर नदीला खोल डोह होता. त्यात मावल्या राहायच्या, सात बहिणी, पाण्यातल्या देवी. कुणाच्या घरी लग्न निघालं की लोक काठावर जाऊन भांडी मागायचे. मग पाण्यातून पातेली, पराती, घंगाळी वर यायची. काम झालं की परत पाण्यात सोडायची. सुंद्री दिवेलागणीला तिथं गेली. कडेवर तान्हं, पदराला धरून बायजा. हात जोडून म्हणाली, "मावल्यांनो, माझ्या घरी लग्न नाही हो. पोरं उपाशी आहेत."

पाणी हललं. वर आली एक पितळेची चरवी, काठोकाठ दुधातली पेज, वाफा निघताहेत. थोरली मावली पाण्यातूनच म्हणाली, "घेऊन जा, बाई. अमावास्येला चरवी आणून दे." आणि नवल म्हणजे अमावास्येपर्यंत चरवीतली पेज काही केल्या संपेना. पोरं जेवायला लागली. येसूच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या.

मग अमावास्या आली. सुंद्रीनं चरवी घासून लख्ख केली, आत बघितलं आणि तिला धडकीच भरली. चरवी रिकामी! शेजारणीसमोर मान खाली गेली होती, इथं तर साक्षात देवी. पेज घालावी, तर त्यांचंच त्यांना कसं द्यायचं? फूल घालावं, तर तेही देवाचंच. आपल्या घरचं काहीतरी हवं. तिच्याजवळ एक अंगाई होती, तिच्या आईनं शिकवलेली. तिनं चरवीत तोंड घालून ती म्हटली, वरून हात ठेवला आणि चरवी डोहात सोडली. मावलीनं लगेच दुसरी भरून दिली. पण घरी येऊन तान्ह्याला थोपटायला बसली, तर सुंद्रीला अंगाईतला एकही शब्द आठवेना. ती नुसतीच थोपटत राहिली.

म्हादू काही आला नाही. पुढच्या अमावास्येला तिनं चरवीत आपलं हसू घातलं. तोंड घालून खळखळून हसली आणि झाकून सोडून दिली. मग नवी चरवी आली. पोरं जेवली. येसू डोक्यावर टोपली घालून आईसमोर नाचला, वेडीवाकडी तोंडं केली. सुंद्रीनं बघितलं आणि म्हणाली, "ठेव ती टोपली."

तिसऱ्या अमावास्येला बायजा रडायलाच लागली. म्हणाली, "आई, नको गं आता काही घालू. रिकामीच दे."

"असं कुठं असतं का?" सुंद्री म्हणाली. आणि तिनं छातीवर हात फिरवला, मूठ वळली आणि मूठ चरवीत उघडली. काय होतं मुठीत? दिसलं नाही काही. तुम्ही पडलात, खरचटलं, की तुमच्या आईच्या पोटात कसं तुटतं? तेच होतं. डोळे का पुसतेस गं चिंगे? गोष्टच तशी आहे, मी तरी काय करू?

त्यानंतर सुंद्री सगळं करायची, बरं का. पेज वाढायची, अंघोळी घालायची, वेण्या घालायची. पण पोरांना अंघोळ घालायची तशी, जशी भांडी घासतात. तान्हं एकदा दारात पडून टाहो फोडत होतं, तर ही त्याच्या कडेनं केर काढत होती. बायजानं ते पाहिलं. तिनं चरवी रिकामी केली, डोक्यावर घेतली आणि भर दुपारी एकटीच डोहावर गेली.

"मावले," ती म्हणाली, "ही घे तुझी चरवी. रिकामी आहे. आमच्या घरात आता द्यायला काही उरलं नाही."

थोरली मावली पाण्यातून वर आली. म्हणाली, "अगं, रिकामीच आणायची असते. आम्ही कधी काही मागितलं?"

"मग माझ्या आईनं घातलं ते?"

"आम्हाला वाटलं, तिला ते नको झालंय. लोक नको ते पाण्यातच आणून सोडतात. आम्ही पुढं वाहू दिलं."

"मला परत दे ते."

"कुठून देऊ, पोरी? वाहतं पाणी आहे. केव्हाच समुद्राला मिळालं."

बायजा काठावर बसून हमसून हमसून रडली. मावलीच्याही डोळ्यांना पाणी आलं म्हणतात. तिच्या रडण्यानं काय व्हायचंय? शेवटी मावलीनं चरवी पेजेनं भरून दिली. बायजानं ती घेतली. घेऊ नये तर काय करावं? घरी येसूला भूक लागली होती.

मग गावभर झालं. धुरपा धावत आली, "अगं, एका वाटीपायी?" म्हणून सुंद्रीच्या पायाशी बसून रडली. सुंद्री म्हणाली, "ऊठ, मला केर काढायचाय." तेव्हापासून त्या गावात भांडी रिकामीच परत करतात. लेकुरवाळीच्या दारात बायका वाटी ठेवतात आणि मागं न बघता जातात. सुंद्रीला त्याचा काय उपयोग?

म्हादू आला. पाठीवर बांबूची मोळी होती. पोरं धष्टपुष्ट पाहून त्याला भरून आलं. "सुंद्रे, सांभाळलंस गं," तो म्हणाला. ती म्हणाली, "हो." आणि त्याला पाणी आणून दिलं.

काय? आई पुन्हा हसली का? नाही रे बाळा. बायजा आणि येसू पुष्कळ दिवस तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. त्यांना आधीची आई ठाऊक होती ना. तान्ह्यानं कधीच तसं बघितलं नाही. त्याला वाटायचं, आई अशीच असते.

बास. पोटभर जेवले, मोठे झाले, त्यांची लग्नं झाली. गोष्टीत याला सुखानं नांदले म्हणतात, म्हणून मीही म्हणते. सरका जरा, गोधडी सगळ्यांना पुरू दे. झोप येत नसली तरी डोळे मिटून पडा.