अर्धी माळ

"मग हे काय आहे, माई? दूध की तांदळाचं धुवण?"

द्वारकाबाईंनी वाटी पुढे केली. तळाशी चमचाभर दूध. पातळ, निळसर. त्यातून वाटीचं बूड दिसत होतं.

मठाच्या ओसरीवर माई फुलवाती वळत बसल्या होत्या. समोर द्वारकाबाईंची सून मालन, आणि तिच्या मांडीवर अडीच महिन्यांची दुर्वा. दुर्वा किरकिरत होती.

"कुणाचं?" माईंनी विचारलं.

"हिचं. आत्ता, पोरीला पाजायच्या आधी, माझ्या डोळ्यांसमोर काढायला लावलं. घरी म्हैस आहे माझ्या. दुधातलं पाणी मला नुसत्या नजरेनं कळतं."

माईंनी वाटी घेतली, कलती करून पाहिली, खाली ठेवली.

"अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी... सगळं हातात देते. जातं कुठं ते? एक तर ही खात नाही, नाहीतर दुसऱ्या कुणाला देते."

"खाते मी, माई," मालन खाली बघत म्हणाली. "लाडू तर आता स्वप्नातसुद्धा येतात."

"बघा, कशी बोलते!"

"दवाखान्यात काय म्हणाले?"

"आईत दोष नाही म्हणे, लेकरात दोष नाही म्हणे. मग पोर अंग का धरत नाही? प्यायली की घटकेत पुन्हा रडते. शी हिरवी, फेसाळ..." द्वारकाबाईंनी पिशवीतून पावडरच्या दुधाचा नवा डबा काढून ओसरीवर ठेवला. "उद्यापासून हा सुरू. हिचं पाजणं बंद. तुम्ही फक्त हो म्हणा."

मालनने दुर्वाला छातीशी घट्ट धरलं.

माईंनी वात वळली. तबकात ठेवली.

"पाजतेस कशी ग?"

उत्तर द्वारकाबाईंनीच दिलं. "अगदी नेमानं! नातीसाठी सव्वा लाख जप धरलाय मी. ही पाजायला बसली की मी शेजारी माळ घेऊन बसते. अर्धी माळ उजवीकडे, की बाजू बदल. अर्धी डावीकडे, की पुन्हा बदल. दोन्ही बाजूंना सारखं नको का?"

"आणि पोरीनं सोडलंच नाही तर?"

"बोट घालून सोडवायची. नेम तो नेम."

"छान," माई म्हणाल्या. "माझ्यासमोर एक माळ कर बरं."

द्वारकाबाईंचा चेहरा खुलला. डोळे मिटून त्यांनी जप सुरू केला. माळ अर्ध्यावर आली, तोच माईंनी ती बोटांतून ओढून घेतली.

"आता पुन्हा पहिल्या मण्यापासून."

द्वारकाबाई गोंधळल्या. पण गुरूची आज्ञा. पुन्हा सुरुवात केली. अर्ध्यावर माळ पुन्हा ओढली गेली.

तिसऱ्यांदा मात्र त्यांनी माळ घट्ट धरून ठेवली.

"माई! माळेच्या शेवटचा मेरुमणी गाठू तरी द्या! सारखं असं अर्ध्यावर तोडलं तर त्या जपातून पदरात काय..."

त्या थांबल्या.

दुर्वा मूठ चोखत होती.

"मालन, घे तिला," माई म्हणाल्या. "बाजू बदलू नकोस."

दुर्वा प्यायला लागली. आधी घटाघटा. मग सावकाश. द्वारकाबाईंची बोटं मांडीवर आपोआप हलत होती.

"झालं असेल आता."

माई वात वळत राहिल्या.

"माई, नुसती चोखतेय ती. चाळा आहे तोंडाला."

माईंनी पुढची वात वळायला घेतली.

बऱ्याच वेळानं दुर्वानं आपणहून तोंड बाजूला केलं. तिची मूठ उघडली. झोपली.

"आता चार थेंब काढ," माई मालनला म्हणाल्या. "त्याच बाजूचं."

द्वारकाबाईंनी दुसरी वाटी आणली. स्वतः पदरानं पुसली, दोनदा, उजेडात धरून पाहिली, मगच सुनेच्या हातात दिली.

चार थेंब पडले. घट्ट, सायीच्या रंगाचे. वाटी कलती केली तरी सावकाश ओघळणारे.

द्वारकाबाईंनी दोन्ही वाट्या शेजारीशेजारी ठेवल्या. सुनेकडे पाहिलं. माईंकडे पाहिलं. वाटीचं बूडही उलटं करून पाहिलं असतं, पण दूध सांडलं असतं.

"हे... हिचंच?"

"तुझ्याच पदरानं पुसलेली वाटी आहे, द्वारके."

द्वारकाबाई पुटपुटल्या, "म्हशीची शेवटची धार अशी असते..."

मग मालनच्या खांद्यावरून घसरलेला पदर त्यांनी हलकेच सारखा केला. डबा पिशवीत टाकला.

पण हात पुन्हा माळेकडे गेलाच.

"मग माई, आता किती मण्यांनी बाजू बदलायची, तेवढं सांगा."

माईंनी त्यांच्या हातून माळ घेतली. झोपलेल्या दुर्वाच्या उघड्या मुठीत ठेवली.

"मेरुमणी हिच्यापाशी आहे. हिला विचार."