पाणी बघून वाजणारी घंटा

कोणे एके काळी, एका राज्याच्या अगदी टोकाला, खाडीपलीकडच्या टेकाडावर एक शाळा होती. मुलं राहायची अलीकडच्या कोळीवाड्यात. ओहोटीला खाडीत घोटाभर पाणी उरे, ते तुडवत ती शाळेत येत. म्हणून तिथले थोरले गुरुजी रोज पाणी बघून घंटा देत, कधी सकाळी तर कधी दुपारी.

पुढे राजधानीत नवे शिक्षणमंत्री आले. राजधानी समुद्रापासून इतकी लांब, की तिथं मीठसुद्धा उंटावरून यायचं. मंत्र्यांचा हुकूम सुटला, “सगळ्या शाळांची घंटा सूर्योदयालाच होईल. तीनदा उशीर झाला, तर पटावरून नाव कमी.”

गुरुजी चरकले. पण चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एकदाही ठपका आला नव्हता, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. त्यांनी राजधानीला विनंती अर्ज धाडला आणि तोवर हुकमाप्रमाणे घंटा सुरू केली.

कोळीवाड्यातली एक म्हातारी म्हणाली, “गुरुजी, दर्याला हुकूम वाचता येतो व्हय? घंटा तर तुमच्याच हातात हाय!”

“आजी, परवानगी येऊ द्या. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.”

चार दिवसांचे चाळीस झाले. राजधानीतून उलट विचारणा आली, खाडीची रुंदी किती? गुरुजींनी बिचाऱ्यांनी मोजून कळवली.

म्हातारीची नात शाळेसाठी जीव टाकायची. अंधारात ओहोटी साधून ती आधीच पलीकडे जायची, तरी तिला दोनदा उशीर झाला होता. त्या दिवशी घंटा झाली तेव्हा भरती लागली होती. नाव जाईल या धास्तीनं पोर तशीच पाण्यात शिरली. गुरुजींनी टेकाडावरून तिला पाहिलं आणि ओरडत धाव घेतली. ते काठावर पोचले तेव्हा खाडीत नुसतं पाणी होतं.

पोरीच्या तेराव्याच्या दिवशी परवानगी आली, “खास बाब म्हणून मंजूर.”

गुरुजींनी ओहोटी बघून घंटा दिली. एकही मूल आलं नाही. पलीकडच्या काठावर फक्त म्हातारी उभी होती. ती पाठ फिरवून घराकडे चालू लागली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गुरुजींना मरेपर्यंत वाटत राहिलं.

तात्पर्य : मुलं ज्याच्या डोळ्यांसमोर असतात, शाळेचा निर्णय त्याच्याच हाती द्यावा, आणि त्यानंही तो घ्यायला कचरू नये.