पंगतीचा नकाशा

“दोन माणसांना एका पंगतीला बसवायचं, पण एकमेकांशी बोलू द्यायचं नाही. हे कसं जमवायचं, बाबा?”

पारखेबाबा तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बोलले तर काय होईल?”

“भांडतील.”

“आणि भांडले तर?”

“परवा नाताळ आहे, बाबा!”

यातच सगळं आलं, अशा आवाजात एस्तेरबाई म्हणाल्या.

पारखेबाबा म्हणजे नगरकडच्या एका गावातले निवृत्त पाळक. चर्चच्या मागच्या खोलीत एकटे राहतात. एस्तेरबाई लहानपणी त्यांच्या संडेस्कूलला होत्या. आता तालुक्याच्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत आणि तिथली घंटासुद्धा त्यांचा चेहरा बघून वाजते. अशी माणसं सल्ला मागायला येतात तेव्हा त्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं. त्यांना हवी असते ती शाबासकी.

बाईही त्यासाठीच आल्या होत्या. फक्त त्या दिवशी त्यांना खुर्चीत धड बसवत नव्हतं.

“खाली बस,” बाबा म्हणाले. “ताट घे. चर्चच्या प्रीतिभोजनाचे तांदूळ आहेत, खडे काढ.”

बाईंनी ताट पुढे ओढलं. बोटं फिरत राहिली, खडा एकही दिसेना.

“भास्करदादा आणि बेनी तीन वर्षं बोललेले नाहीत. आईने यंदा हट्ट धरलाय. दोन्ही पोरं एका पंगतीला जेवताना बघायचीत म्हणते. ऐंशी वर्षांची झाली, बाबा. पुढच्या नाताळाचं कोण सांगणार?”

“मग बोलावलंस दोघांना?”

“बोलावलं.”

“दोघं तयार झाले?”

“झाले... म्हणजे, दादाला सांगितलं बेनी येणार नाही. आणि बेनीला सांगितलं दादा येणार नाही.”

बाबांचा हात थांबला.

“आणि आईला?”

“आईला सांगितलं, दोघांचं मिटलं.”

बाबांनी ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

“पहिल्यापासून हुशार आहेस तू,” ते म्हणाले.

ही शाबासकी नव्हती, हे बाईंना कळलं. तरी त्यांनी पर्स उघडली आणि घडी घातलेला कागद काढला. पंगतीचा नकाशा होता, पट्टीने आखलेला.

“हे बघा. दादा या टोकाला. बेनी थेट जेवायलाच येईल, तो त्या टोकाला. मधे दोघांच्या बायका, पोरं आणि मधोमध याकोबमामा. मामांना ऐकू येत नाही, त्यामुळे ते सारखे मोठ्याने बोलतात. दादा काही टोचून बोलला तरी बेनीपर्यंत जायचं नाही. आई समोर खुर्चीवर. आईसमोरून उठून जायची हिंमत दोघांची होणार नाही.”

बाबांनी कागद उलटला. मागे यादी होती. जेवताना काढायचे नाहीत असे विषय. नागपूर. गाडी बंद पडणे. मे महिना. बर्फ. कब्रस्तान. सगळ्यात खाली लिहिलं होतं, अण्णा.

“वडलांबद्दल बोलायचं नाही?”

“नको.”

“त्यांच्याच घरात?”

“एकच दिवस, बाबा! एक दिवस निभावून न्यायचाय फक्त.”

तेवढ्यात बाईंच्या पर्समधला फोन वाजला. त्या दचकल्या, ताट कलंडलं, मूठभर तांदूळ जमिनीवर गेले. फोन दादाचा होता. त्याचा आवाज असा की खोलीभर ऐकू यावा.

“एस्तेर, उद्या सकाळी निघतोय आम्ही. तो नाही ना येत? नक्की?”

बाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबा सांडलेले तांदूळ वेचत होते.

“नाही रे दादा. नक्की.”

“बघ हं. मी आईसाठी येतोय. त्याने मला अण्णांचं तोंड बघू दिलं नाही. त्याच्यासोबत मला पाणीसुद्धा प्यायचं नाही.”

“माहितीये रे. तू ये.”

फोन बंद झाला. बाईंनी फोन ताटाशेजारी पालथा ठेवला. कपाळावर घाम आला होता, डिसेंबरात.

“ऐकलंत ना? आठ दिवस असंच चाललंय. करंज्या तळताना तेल जळून धूर झाला, तरी मला कळलं नाही. वर्गात पोरं काहीतरी विचारतात आणि मी भलतंच सांगते.”

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. मे महिन्यात अण्णा गेले. भास्कर नागपुराहून निघाला, वाटेत गाडी बंद पडली. चार वाजता माती झाली आणि तो सव्वापाचला पोहोचला. तोवर कबरीवर फुलंसुद्धा ठेवून झाली होती. कब्रस्तानाच्या फाटकात उभा राहून तो बेनीला वाटेल ते बोलला आणि पाणीही न पिता परत गेला. मोठ्या मुलाला बापाच्या कबरीत मूठभर माती टाकता आली नाही. असं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

“त्या दिवशी प्रार्थना मीच केली होती,” बाबा म्हणाले.

“हो.”

“चार वाजता माती द्यायची, हे बेनीने ठरवलं?”

“ऊन फार होतं, बाबा.”

“होतं.”

“बर्फ संपला होता. लांबची माणसं ताटकळली होती. आईला भोवळ येत होती.”

“येत होती.”

“कुणीतरी ठरवायलाच हवं होतं ना!”

“कुणी ठरवलं?”

“मी.”

एवढंसं उत्तर द्यायला बाईंना फार वेळ लागला. मग मात्र त्यांना थांबता येईना.

“बेनी म्हणत होता, दादा वाटेत आहे, थांबू या. मीच त्याला गप्प केलं. आणि दादा फाटकात ओरडायला लागला तेव्हा... माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, बेनीने ऐकलं नाही. बेनी तिथंच उभा होता, बाबा. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल. नाही बोलला. तीन वर्षं झाली, अजून बोललेला नाही.”

बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. बाईंनी हात लावला नाही.

“ते भांडतील म्हणून नाही मी घाबरत. दोघं नीट बोलायला लागले तर काय, म्हणून घाबरते.”

बाहेर चर्चच्या दारावर कुणीतरी नाताळचा तारा टांगत होतं. शिडी सरकवल्याचा आवाज आला.

“तुम्हाला माहीत होतं?” बाईंनी विचारलं.

“तू मला येऊन म्हणालीस, बाबा, सुरू करा. मी तुला विचारलं नाही, भास्कर कुठवर आलाय. मी रस्त्याकडे बघितलं नाही. मी पुस्तक उघडलं.” बाबा थांबले. “तासभर मलाही थांबता आलं असतं.”

बाबांचा आवाज असा बाईंनी कधी ऐकला नव्हता. लहानपणी चुकलं की कान धरणारा हा माणूस. त्याच्या आवाजाने त्यांना जास्तच भीती वाटली.

“दादाला फोन करते. सांगते, येऊ नको. काहीतरी कारण काढते.”

“आणि आई?”

बाईंचा फोनकडे गेलेला हात तसाच राहिला.

“मग काय करू? सांगा ना, बाबा! तुम्ही सांगाल ते करते.”

बाबांनी नकाशा पुन्हा हातात घेतला. डोळ्यांजवळ नेऊन एकेका नावावरून बोट फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत.

“यात तू कुठं आहेस?”

“मी?”

“तुझं नाव सापडत नाही.”

“मी कशी बसेन? मी वाढणार. मला आतबाहेर बघावं लागतं. उभं असलं की सगळीकडे लक्ष राहतं.”

“गेल्या नाताळाला?”

“वाढत होते.”

“त्याच्या आधी?”

बाबांनी खिशातून पेन्सिल काढली. याकोबमामांचं नाव खोडलं. दोन्ही टोकांची नावं खोडली. मग पंगतीच्या मधोमध, आईच्या खुर्चीसमोर, एकाशेजारी एक अशी तीन नावं लिहिली. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येत होतं.

भास्कर. एस्तेर. बेंजामिन.

बाईंनी कागद पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

“नको, बाबा... मला घास उतरणार नाही.”

“नाही उतरणार.”

“सांगितलं तर दादा उठून जाईल.”

“जाईलही.”

“माझ्याशीसुद्धा बोलायचा नाही मग.”

“तेही होईल.”

“आणि आई समोर असेल...”

“समोर असेल.”

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या. पदराच्या टोकाला पीळ घातला, सोडला. आणि एकदम काहीतरी सापडल्यासारख्या घाईने म्हणाल्या,

“पण मी बसले तर वाढणार कोण?”

पारखेबाबांनी निवडलेले तांदूळ डब्यात ओतले. गुडघ्यावर हात टेकून ते सावकाश उठले.

“वाढायला मी येतो.”