केरबा शिंपी आणि मुक्ताचा नंबर

एका गावात एक भोळा शिंपी होता. नाव केरबा. त्याचा हात सरळ, टीप सरळ आणि डोकं त्याहून सरळ. सांगाल तेवढंच त्यात शिरायचं. पण एकदा शिरलं की बाहेर निघत नसे.

एका जूनमध्ये त्यानं आपल्या मुलीचा, मुक्ताचा, शाळेचा झगा अगदी मापावर शिवला. दिवाळीपर्यंत तो काखेत काचू लागला. बायको सोनाबाई कडाडली, "शिंपी ना तुम्ही? पोरीचं कापड कुणी मापावर शिवतं? वाढत्या अंगाचं करावं. दोन बोटं जास्त!"

"चुकलंच," केरबा म्हणाला.

केरबाचं एक होतं. केलेली चूक तो पुन्हा कधी करत नसे. दर वेळी नवी करायचा.

मुक्ताला लांबचं दिसत नसे. चष्मा होता, पण नंबर सारखा वाढायचा. केरबा आणि सोनाबाई तिला घेऊन तालुक्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिचा डोळा लांबीला वाढतोय. असाच वाढत राहिला तर पुढं डोळ्याच्या पडद्याला धोका आहे. आमच्याकडे नवे थेंब आलेत. अजून तपासून पाहतोय, सगळ्यांना गुण येईलच असं नाही. वर्षभर घालून बघू. शिवाय पोरीला रोज दोन तास उघड्यावर ठेवा. डोळ्यांना उजेड मिळू दे."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कुरडया वाळत होत्या. केरबानं मुक्ताला त्यांच्या शेजारी बसवलं आणि वरून धोतर पांघरलं.

"आप्पा, मला काहीच दिसत नाही!" धोतरातून आवाज आला.

"म्हणूनच तर औषध चाललंय," केरबा म्हणाला.

सोनाबाई वर आली. "अहो, पोरीवर धोतर कशाला?"

"कावळे टोचतील ना!"

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, झाकलंत तर उपयोग काय? औषध लागू पडायला हवं ना? अजिबात झाकायचं नाही!"

केरबाला चूक कळली. घरी आल्याबरोबर त्यानं थेंबांच्या बाटलीचं बूच काढून फेकून दिलं. बाटली शिलाई मशीनवर उघडी ठेवली. संध्याकाळी तिच्यात दोऱ्याचे दोन तुकडे आणि एक मुंगळा पोहत होता. सोनाबाईनं बाटली ओतून टाकली आणि नवऱ्याला नवी आणायला पिटाळलं.

"केरबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशी किमती वस्तू घट्ट झाकून गार, अंधाऱ्या जागी ठेवतात. तिला ऊन लागू द्यायचं नाही."

केरबानं वाटेत विचार केला. घरात बाटलीहून किमती वस्तू एकच होती. त्यानं मुक्ताचा चष्मा उतरवला, डबीत घातला, डबीला फडकं बांधलं आणि ती माठामागे ठेवून दिली. मुक्ता शाळेत निघाली. वाटेत पाटलांच्या म्हशीला तिनं "नमस्ते बाई" केलं. म्हैस काही बोलली नाही. पण शाळेत खऱ्या बाईंना नमस्ते करायचं राहिलं, आणि त्या बोलल्या.

मग सोनाबाईनं बाटली आपल्या ताब्यात घेतली. "आजपासून पोरीच्या डोळ्याला हात लावाल तर बघा! तुम्ही मशीन चालवा."

केरबानं मशीन चालवलं. सोनाबाई रोज झोपताना थेंब घाले. मुक्ता चष्मा लावून रोज उन्हात लगोरी खेळे. वर्ष सरत आलं आणि लगोरीतच चष्म्याची काडी मोडली. सोनाबाईला माहेरी लग्नाला जायचं होतं. ती म्हणाली, "एवढं एकच काम सांगते. नवा चष्मा करून आणा. पैसे घालताच आहात तर चांगला दोन वर्षं जाईल असा आणा."

केरबानं नीट ऐकून घेतलं.

तो चष्मा हातात यायला तपासणीचाच दिवस उजाडला. दुकानातून चष्मा घेऊन केरबा थेट दवाखान्यात आला. माहेराहून परतलेली सोनाबाई मुक्ताला घेऊन आधीच पोचली होती. डॉक्टरीणबाईंनी मुक्ताचे डोळे तपासले, यंत्रात पाहिले, पुन्हा तपासले. सोनाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"नंबर जागच्या जागी आहे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थेंबांनी की लगोरीनं, ते आत्ताच सांगता यायचं नाही. पण वाढला नाही एवढं खरं. असंच चालू ठेवा."

सोनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. केरबाचा चेहरा मात्र पडला.

"काय हो, आनंद नाही झाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

केरबानं खिशातून नवा चष्मा काढला आणि मुक्ताला घातला. तो घसरत हनुवटीवर आला.

"घात झाला, बाई! दोन वर्षं जायला हवा म्हणून मी दुकानदाराला सांगितलं, पोरीचा आहे, वाढत्या अंगाचा कर. काड्या दोन बोटं लांब घेतल्या आणि नंबर दोननं जास्त!"

केरबानं हात जोडले.

"एवढी कृपा करा. ते थेंब बंद करा आणि पोरीचा नंबर दोननं वाढेल असं काहीतरी औषध द्या. नवा कोरा चष्मा आहे हो, वाया जाईल!"