एका माळाची तीन नावं

हिवरगडच्या महाराजांनी शिकारीच्या तंबूत गोऱ्या साहेबाला सांगून टाकलं, "आमच्या राजवाड्यापुढे लॉन आहे, मेडो आहे आणि पाश्चरही आहे." हे शब्द त्यांनी साहेबाच्याच तोंडून नुकतेच ऐकले होते. साहेब खूश झाला. म्हणाला, "मग पुढच्या आठवड्यात बघायलाच येतो."

घरी येताच महाराजांनी दिवाणांना बोलावलं. "पंत, या तिन्हींत फरक काय?"

"तिन्ही गवतच, महाराज. कापून गालिच्यासारखं ठेवलेलं ते लॉन. फुलांसकट गुडघाभर वाढू दिलेलं ते मेडो. गुरं-मेंढरं चरतात ते पाश्चर."

"मग करा तिन्ही."

"माळ तर एकच आहे. मध्ये कुंपणं घालून..."

"कुंपण नको. गच्चीवरून एका नजरेत तिन्ही दिसली पाहिजेत. नाही जमलं तर माळ नांगरून टाका. बाग करतोय म्हणून सांगू."

पंतांनी पहिलं काम केलं ते मेंढरांना माळ बंद करण्याचं. दुसरं काय करावं, ते त्यांना सुचेना.

दुसऱ्या दिवशी सुभाना धनगराची लेक धुरपा देवडीवर महाराज आणि पंतांपुढे येऊन उभी राहिली. तिन्ही गवतांची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती. मेंढरं मेंढवाड्यात उपाशी ओरडत होती आणि माळ नांगरला तर त्यांना घेऊन मुलूख सोडावा लागणार होता.

"सरकार, तुमचं काम मी करते," ती म्हणाली. "माळ मोकळा करा, म्हंजे झालं."

पंत वैतागले. "अगं, मेंढरं सगळं खाऊन टाकतील."

"सगळं खाऊ देत न्हाई मी. राखायलाच असते की."

"आणि लेंड्या पडतील त्यांचं काय?"

"गच्चीवरनं दिसत न्हाईत, दिवाणजी."

महाराजांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. "कर. फसलीस तर नांगर तुझ्याच बापाकडून धरवीन."

धुरपाने राजवाड्याच्या बाजूने कळप घातला आणि रोज थोडा थोडा पुढे सरकवत नेला.

ठरल्या दिवशी साहेब गच्चीवर आला. राजवाड्याच्या पायाशी बारीक, सारखं हिरवं गवत पसरलं होतं. त्यापुढे मेंढरं चरत होती. त्याच्याही पलीकडे निळ्या-पिवळ्या फुलांचं उंच गवत वाऱ्यावर डुलत होतं.

साहेबाने कठड्यावरून वाकून पाहिलं. मग मोडक्या मराठीत म्हणाला, "तिन्ही आहे, खरा. पण कुंपण कुठे? कोणता कुठे संपतो?"

महाराजांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी मागे उभ्या असलेल्या धुरपाला पुढे केलं. महाराज म्हणाले, "धुरपे, सांग साहेबांना."

धुरपाने काठीने दूरवर दाखवलं. "जिथं मेंढरं अजून गेली न्हाईत, ते मेडो. जिथं चरत्यात, ते पाश्चर. जिथनं चरून आली, ते लॉन."

"मग उद्या हद्द बदलणार?"

"व्हय साहेब. हद्द चार पायांवर चालती, म्हणून तर कुंपण घातलं न्हाई."

साहेब खो खो हसला. महाराज तर हसता हसता कठड्याला टेकले. डोळे पुसत ते म्हणाले, "पंत, आजपासून हा माळ या पोरीच्या मेंढरांना कायमचा मोकळा. आणि सुभानाला दरबारी पागोटं द्या. राजवाड्याचे सगळे माळी त्याच्याच कळपात आहेत."