मंडळी गप्प झाली तो रविवार

“मग मी चुकलो कुठं, ते तरी सांगा!”

सायलस रणनवरे दारातच उभा. पायातले बूटसुद्धा काढले नव्हते.

दाविदमास्तर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी दाणे फुंकले, तोंडात टाकले, सावकाश चावले.

“कुठंच नाही.”

“मग मंडळी गायची थांबली का?”

मास्तरांनी पुढची शेंग घेतली.

आता हे मास्तर म्हणजे आमच्या चर्चची पायपेटी उभी हयात वाजवलेला माणूस. हात सुरांच्या पट्ट्यांवर, पाय खालच्या फळ्यांवर. फळ्या दाबल्या की भाता भरतो, भाता भरला की पेटी बोलते. मास्तर एका कानानं ठार बहिरे. प्रवचन सुरू झालं की नेमका तोच कान पाळकसाहेबांकडं करायचे, आणि चेहरा असा भक्तिभावाचा की साहेब भुलायचे. पुढं गुडघे गेले, तेव्हा पेटीचा बाक शिष्याला दिला.

शिष्य म्हणजे हा सायलस. मिशनशाळेत पोरांना गाणं शिकवणारा. पुण्याला परीक्षा देऊन आला, येताना ताल मोजायचं एक टिकटिकणारं यंत्र घेऊन आला. शाळेची पोरं त्या टिकटिकीवर नाताळचं गाणं अशी गायची की बाळ येशूसुद्धा गव्हाणीत सावधान उभा राहावा. पाहुणे टाळ्या वाजवायचे. पाहुण्यांचं काय, त्यांना नंतर चहा असतो.

तर त्या रविवारी सकाळच्या उपासनेत दुसरं गीत चालू असताना आधी बायका गप्प झाल्या. मग पुरुष. मग पोरं. आणि सायलस एकटाच शेवटच्या कडव्यापर्यंत पेटी वाजवत गेला. एक सूर इकडचा तिकडं नाही!

आमेन झाल्यावर पारधे सेक्रेटरींनी त्याला व्हरांड्यात गाठलं. “संध्याकाळी मंडळी गायली तर ठीक. नाहीतर पुढच्या रविवारपासून आमच्या भाच्याचा कीबोर्ड. बटण दाबलं की तबला आपोआप.”

चर्चचा बाक आणि शाळेतली संगीताची नोकरी, दोन्ही एकाच कमिटीच्या हातात. बाक गेला की नोकरीही गेली. सायलस तिथून तडक मास्तरांकडं आला होता.

“माझा सूर चुकला का?”

“नाही.”

“ताल?”

“नाही बाबा.”

“म्हणजे मंडळीच बेताल आहे! ती मागच्या बाकावरची रिबकाबाई. एकेक ओळ मंद आचेवर ठेवल्यासारखी शिजवत बसते. तिच्यासाठी मी थांबू?”

मास्तरांनी शेंगांची पाटी पुढं सरकवली. “खा.”

“मला शेंगा नकोत, उत्तर पाहिजे.”

सायलस खिडकीशी गेला. परत आला. घड्याळ बघितलं. पुन्हा खिडकीशी गेला. मास्तरांची कोंबडी या येरझाऱ्यांना वैतागून अंगणात निघून गेली.

“सायलस, तू गातोस का रे?”

“मी वाजवतो, मास्तर.”

“ते सकाळी ऐकलं. गातोस का?”

“वाजवणाऱ्यानं कशाला गायचं?”

मास्तर गुडघ्यांना शिव्या देत उठले. “चल.”

रिकाम्या चर्चमध्ये मास्तर पहिल्या बाकावर टेकले.

“सकाळचंच गीत. वाजव आणि गा. मोठ्यानं गा. मनातल्या मनात गाशील तर तेवढं मला ऐकू येत नाही.”

सायलसनं पेटी उघडली, पाय हलवले, सुरुवात केली. आवाज वाईट नव्हता. थोडा बोकडाचा, पण खात्यापित्या घरच्या बोकडाचा.

पहिली ओळ छान गेली. दुसरीला त्यानं घाईघाईत श्वास ओढला. तिसरी तोंडात संपायची होती, तर बोटं चौथीवर पोचलेली. गाठायला म्हणून त्यानं अर्धा शब्द गिळला. पुढचा शब्द पुरता गिळला. मग तोंडच मिटलं…

बोटं चालूच होती. एकही सूर न चुकता.

थोड्या वेळानं तीही थांबली.

“मास्तर…”

“हं.”

“मी मागं राहिलो.”

“कोणाच्या?”

सायलस आपल्या हातांकडं बघत राहिला.

मास्तरांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि अशी दणकून शिंक दिली की खिडक्यांच्या काचा वाजल्या.

संध्याकाळी चर्च भरलं. एरवी न येणारेही आले. कुणाची तरी फजिती होणार म्हटलं की आमच्या मंडळीचा विश्वास फार बळकट होतो. पारधे सेक्रेटरी पुढच्या बाकावर, शेजारी भाचा, भाच्याच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड. जणू बाप्तिस्म्याला आणलेलं बाळ. मास्तर पेटीच्या बाकाच्या कडेला, चांगला कान सायलसकडं करून बसले.

गीत सुरू झालं. सायलस वाजवता वाजवता गात होता. पहिली ओळ संपली, श्वास संपला, आणि त्यानं हात वर उचलले.

मंडळीला हे नवीन होतं. आजवर हा माणूस कधी थांबलाच नव्हता. पेटी बिघडली असं समजून सगळेच गप्प.

पाळकसाहेबांनी मान वर केली. सेक्रेटरींचा हात चादरीच्या गाठीवर गेला. सायलसचे हात थांबले तसे पायही थिजले. भाता हळूहळू खाली बसत चालला…

मागून एक लांब श्वास ऐकू आला. छातीत शिट्टी वाजवत वर चढणारा, दम्याचा. तो पुरता भरला, आणि रिबकाबाईंनी दुसरी ओळ उचलली. एकटीनं.

सायलसचे हात खाली आले. भात्यात हवा कुठली? पेटी खोकली. पोरं फिदीफिदी हसली. त्यानं धडपडत फळ्या दाबल्या, सूर उठेपर्यंत बायकांची बाजू गायला लागली होती. मग पुरुष. मग हसणारी पोरंही. प्रत्येक ओळीच्या शेवटी सायलस थांबला, प्रत्येक वेळी पेटी खोकली, आणि तरी मंडळी गात राहिली. गीत इतकं लांबलं की पाळकसाहेबांना प्रवचन आटपतं घ्यावं लागलं. त्याबद्दल आम्ही देवाचे वेगळे आभार मानले.

सेक्रेटरी बाहेर पडताना एवढंच म्हणाले, “राहू दे तुझा बाक. भाच्या, घे ते.” भाचा चादर सावरत घरी गेला.

सगळे सायलसचे हात हातात घेऊन हलवत होते. त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. तो मास्तरांच्या मागं व्हरांड्यात धावला.

“मास्तर, बाक राहिला. पण ते ओळीच्या शेवटी थांबणं… तिथं मोजायला काही नाही. धरायला काही नाही. लोक गातील की नाही, तेही माहीत नाही. माझा जीव जातो तिथं. दर ओळीला, दर रविवारी, आयुष्यभर असंच? तेवढ्या वेळात मी करायचं काय?”

मास्तर खाली वाकून चपला शोधत होते. एक सापडली. दुसरी सायलसच्या बुटाखाली होती, ती त्यांनी ओढून काढली.

“पाय थांबवू नकोस.”