पाच होनांचा तांदूळ

"माझा शंभराचा रोखा ऐंशी होनांना? कोण म्हणतं?" राजा भैरवराय सिंहासनावरून ताडकन उठला.

"महाराज, बाजार म्हणतो!" खजिनदार त्रिंबकपंत हात जोडून म्हणाले.

चंद्रबंदरात दोन कागद विकले जात. एक राजाचा रोखा: शंभर होन द्या, दरवर्षी पाच होन व्याज घ्या. दुसरा गलबतांचा हिस्सा: गलबताला नफा झाला, तर त्यात तुमचा वाटा. यंदा गलबतं माल भरभरून जात होती. हमालांच्या हाती पैसा खुळखुळत होता आणि तांदूळ महागला होता. हिस्सा चढत होता, राजाचा रोखा मात्र रोज घसरत होता.

"आठ दिवसांत दोन्हींचे भाव चढले पाहिजेत!" राजा गरजला. "आणि माझा एक होनही खर्चायचा नाही!"

दाराशी टोपल्या पोचवायला आलेल्या येसू बुरडिणीला हसू फुटलं.

"कोण हसलं?"

"मी, महाराज. रोखा काय हुकमानं चढतो होय?"

"मग तूच चढव! नाही जमलं, तर बंदरातून बिऱ्हाड उचल!"

म्हाताऱ्या बापाला घेऊन जायचं कुठं? येसूनं हातातली टोपली खाली ठेवली. "चढवते. पण राजकोठाराची किल्ली द्या."

"म्हणजे माझा तांदूळ विकणार?"

"दाणाही नाही! कोठारातल्या कणग्या कुजल्यात, त्या नव्या विणते. तोवर तांदूळ चौकात काढून ठेवावा लागेल."

"आणि माप कमी भरलं तर?"

"तर त्याच पावली निघते!"

दुसऱ्या दिवशी चौकात तांदळाचा डोंगर उभा राहिला. भोवती शिपायांचा पहारा, आणि शेजारी येसू नि तिचा बाप कणग्या विणत बसलेले. धान्याचे व्यापारी धापा टाकत आले.

"येसूबाई, राजा तांदूळ विकायला काढतोय की काय?"

"मला कणगीतलं कळतं, शेटजी. राजाच्या मनातलं कसं कळणार?"

झालं! राजानं विकायच्या आत आपला विकावा, म्हणून ज्यानं त्यानं दडवलेली पोती बाहेर काढली. चार दिवसांत तांदूळ निम्म्या भावावर आला.

आठव्या दिवशी पंत पगडी सावरत धावत आले. "महाराज! रोखा अठ्ठ्याण्णव! आणि हिस्सेही चढले!"

राजानं तांदूळ मोजून घेतला. माप पुरेपूर भरलं.

"तू ना रोख्याला हात लावलास, ना हिश्श्याला. मग केलंस तरी काय?"

"महाराज, रोखेवाला बघतो, व्याजाच्या पाच होनांत तांदूळ किती येईल. कमी यायला लागला, त्यानं रोखा विकून टाकला. आता पुष्कळ येतो, म्हणून परत घेतला. आणि खलाशांच्या जेवणाचा खर्च उतरला, तसा गलबतांचा नफा वाढला!"

"आणि माझा हुकूम?"

"तो दरबारात चालतो, महाराज. बाजार ताटाकडे बघतो!"

राजाच्या मिशा हलल्या. "आजपासून तू राजाची बाजारपारखी! वर्षाला शंभर होन पगार!"

येसू बोटांवर हिशेब करू लागली.

"का गं, कमी वाटतो?"

"पुष्कळ आहे, महाराज. पण होनांत नको, तांदळात द्या."

"ते का?"

"उद्या पुन्हा महागाई झाली, तर माझा पगार तुमच्या रोख्यासारखा व्हायचा!"

राजा इतका हसला, इतका हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पंत, लिहा! पगार तांदळात! आणि वर एक रेशमी लुगडं!"